कहाणी ऐकणाऱ्या मुली

आमच्या घरी बोलणे कोंकणीतून आणि वाचणे मराठीतून, अशी रीत कित्येक पिढ्या चालत आली आहे. गोमंतकातील पुष्कळ घरांत आजही हेच दिसेल. आजी रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ज्या काणयो सांगे त्या कोंकणीतून. आणि श्रावण लागला म्हणजे पाटावर पोथी ठेवून, समईच्या उजेडात, ज्या कहाण्या वाची त्या मराठीतून. आम्हां भावंडांना या दोन भाषांतील अंतर त्या वयात कधी जाणवले नाही. दुसरे एक अंतर मात्र जाणवत असे. आमचा भाऊ राक्षस मेला आणि राजपुत्राचे लग्न लागले की समाधानाने कुशीवर वळे व झोपी जाई. आमची बहीण मात्र डोळे टक्क उघडे ठेवून विचारी, "मग त्या राणीचे सासरी कसे झाले?"

आजी म्हणे, "गोष्ट संपली, आता झोप." परंतु बहिणीच्या दृष्टीने गोष्ट संपलेली नसे. खरे तर ती तेथे सुरू व्हावयाची असे.

पुढे शिक्षकी पेशात पडल्यावर हा प्रश्न आम्हांला वर्गात पुनःपुन्हा भेटला. परंपरेने आलेल्या कथांत स्त्रीने कसे वागावे, पुरुषाने कसे वागावे, याचे साचे ठरून गेलेले असतात. राजपुत्राने घोड्यावर बसून जावे, राजकन्येने मनोऱ्यात वाट पाहावी. सावत्र आईने छळावे, नावडतीने सोसावे. या कथा ऐकताना मुलींच्या मनात काय घडते? त्या हे साचे मुकाट्याने स्वीकारतात, त्यांच्याशी भांडतात, की आणखी तिसरेच काही करतात? या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. विद्यार्थिनींसाठी तर हा लेख आहेच. परंतु विद्यार्थ्यांनी आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीही तो वाचावा, अशी आमची इच्छा आहे.

प्रथम सर्वांच्या ओळखीची गोष्ट घेऊ. चिमणीचे घर मेणाचे आणि कावळ्याचे घर शेणाचे, ही कथा ज्याने ऐकली नाही असा मराठी मनुष्य विरळा. मुसळधार पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, आणि तो भिजत चिमणीच्या दाराशी येऊन दार उघडण्याची विनवणी करतो. चिमणी आतून सांगते की बाळाला न्हाऊ घालते आहे, अंग पुसते आहे, काजळ घालते आहे, निजविते आहे. कावळा बाहेर ताटकळत राहतो. घरोघरी शेवट निरनिराळा असतो. कोठे कावळ्याला चुलीपाशी ऊब मिळते, तर कोठे त्याच चुलीपाशी त्याला चटका बसतो.

ही गोष्ट आम्ही पाचवीच्या वर्गात सांगितली तेव्हा बहुतेक मुलींना कावळ्याची दया आली. "बिचारा किती भिजला! चिमणी दुष्ट आहे," असा निकाल लागला. तीच गोष्ट नववीच्या वर्गात निघाली तेव्हा एका मुलीने विचारले, "बाई, चिमणीच्या घरी चिमणा कोठे आहे? बाळाचे सगळे तिलाच का करावे लागते?" दुसरी म्हणाली, "घरात एकटी बाई आणि लहान मूल असताना दारावर आलेल्याला लगेच आत घ्यावे का? तिने काम उरकेपर्यंत दार लावून ठेवले, यात तिचे काय चुकले?" आम्ही स्वतः ही गोष्ट शेकडो वेळा ऐकली व सांगितली असेल, पण चिमणा कोठे आहे, हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता. चार वर्षांच्या अंतराने तीच कथा निराळी झाली. कथेतील अक्षर बदलले नाही. ऐकणारीला घरातील कामाची ओळख झाली, एवढाच काय तो बदल.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. कथा मुलीला घडविते हे खरे. परंतु मुलगी ओली माती होऊन कथेपुढे बसलेली नसते. ती आपले घर, आपली आई, आपले अनुभव बरोबर घेऊन येते आणि त्यांच्याशी कथा ताडून पाहते.

पाश्चात्त्य देशांत या विषयाचा अभ्यास गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. १९७०च्या सुमारास अमेरिकेतील काही विदुषींत यावर मोठा वाद झाला. परीकथांत पुरेशा धीट व कर्त्या नायिका आहेत, असे ॲलिसन ल्यूरी यांचे म्हणणे. तर मुलींच्या हाती पडणाऱ्या लोकप्रिय कथा त्यांना केवळ सुंदर दिसावयास आणि वाट पाहावयास शिकवितात, असा मार्शिया लीबरमन यांचा १९७२ सालचा आक्षेप. १९७५ साली के स्टोन यांनी या वादाला उपयुक्त वळण दिले. ग्रिम बंधूंच्या मूळ संग्रहात धडपड्या नायिका आहेत; परंतु मुलांसाठी निवडक कथांची पुस्तके काढताना आणि पुढे चित्रपट करताना नेमक्या निजलेल्या आणि सोसणाऱ्या नायिकाच निवडल्या गेल्या, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे दोष केवळ परंपरेचा नव्हे, परंपरेतून वेचणाऱ्या हाताचाही आहे.

ग्रिम बंधूंचेच उदाहरण पाहा. त्यांच्या संग्रहाचा पहिला भाग १८१२ साली निघाला आणि त्यांच्या हयातीतील शेवटची आवृत्ती १८५७ साली. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा द्वेष करणारी स्त्री ही तिची सख्खी आई होती. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. रानात सोडून दिलेल्या हान्सेल आणि ग्रेटेल या भावंडांच्या कथेतही पुढे हाच फेरफार झाला. सख्खी आई असे करील, हे संपादकांना रुचले नाही. आणि त्या अरुचीचा भार जगातील सगळ्या सावत्र आयांच्या माथी बसला. रूथ बॉटिगहायमर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कथांतील बोलण्याचा हिशेब मांडला आहे. आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेली तसतसे चांगल्या मुलींच्या तोंडचे शब्द कमी होत गेले आणि बोलण्याचा अधिकार पुरुषांकडे व दुष्ट स्त्रियांकडे जात राहिला, असे त्यांना आढळले. गुणी मुलगी म्हणजे गप्प मुलगी, हे समीकरण अशा रीतीने छापखान्यात घट्ट झाले. आणि गंमत अशी की यांतील पुष्कळ कथा ग्रिम बंधूंना सांगितल्या त्या स्त्रियांनीच. कासेल शहराजवळ राहणाऱ्या डोरोथेआ फीमान या त्यांतील नामांकित सांगणाऱ्या होत्या. सांगणारी स्त्री, लिहिणारा पुरुष, आणि कागदावर उतरताना मुकी झालेली नायिका, अशी ही साखळी आहे.

मग कथाच उलट्या करून टाकाव्या काय? तसाही प्रयत्न झाला आहे. रॉबर्ट मन्श यांची कागदी पिशवीतील राजकन्येची गोष्ट १९८० साली प्रसिद्ध झाली. एक अग्निमुखी सर्प राजकन्येचा वाडा व वस्त्रे जाळून राजपुत्राला पळवून नेतो. राजकन्या उरलेली एक कागदी पिशवी अंगावर चढवून त्याचा माग काढते, युक्तीने त्या प्राण्याला दमवून झोपविते आणि राजपुत्राला सोडविते. राजपुत्र मात्र तिचे विस्कटलेले केस व मळके अंग पाहून म्हणतो की, नीट राजकन्येसारखी सजून मग ये. ती त्याला खरी खोटी सुनावते आणि लग्न न करताच आपल्या वाटेने निघून जाते. ऑस्ट्रेलियातील ब्रॉनविन डेव्हिस यांनी ही गोष्ट शाळापूर्व वयाच्या मुलांना वाचून दाखविली आणि १९८९ साली आपली निरीक्षणे पुस्तकरूपाने मांडली. मोठ्यांची अपेक्षा अशी की मुली आनंदाने टाळ्या पिटतील. घडले निराळे. कित्येक बालकांना राजकन्येने आधी स्वच्छ होऊन यावे आणि मग लग्न करावे, हेच योग्य वाटले. पाच वर्षांच्या आतच मुलांच्या मनात जुना साचा इतका पक्का बसला होता की, नवी गोष्ट ऐकतानाही त्यांनी ती जुन्या साच्यात ओतून घेतली.

तथापि थोड्या मोठ्या वयाचे चित्र इतके निराशाजनक नाही. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात एला वेस्टलंड यांनी नऊ ते अकरा वर्षांच्या मुलामुलींबरोबर परीकथांवर काम केले आणि १९९३ साली त्याविषयी लिहिले. सिंडरेलेच्या प्रतिमा चहूकडे असूनही मुली त्यांच्याशी वाद घालू शकतात, असे त्यांना दिसून आले. उलटविलेल्या कथांचा उत्साह मुलग्यांत त्या मानाने कमी होता. हे स्वाभाविक आहे. जुन्या वाटणीत ज्याच्या वाट्याला घोडा आणि तलवार आली, त्याला वाटणी बदलण्याची घाई कशासाठी असावी?

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या परंपरेत केवळ सोसणाऱ्या स्त्रियाच आहेत, असे जे म्हटले जाते ते कितपत खरे आहे?

१८६८ साली लंडनमध्ये दख्खनच्या कथांचा एक इंग्रजी संग्रह प्रसिद्ध झाला. मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने तो सिद्ध केला. १८६५-६६च्या हिवाळ्यात वडिलांबरोबर दख्खनच्या दौऱ्यावर असताना तंबूतील लांबलचक वेळ घालविण्यासाठी तिने आपल्या आयेला गोष्ट सांगावयास सांगितले, आणि त्यातून हे पुस्तक उभे राहिले. त्या आयेचे नाव ॲना लिबेराता डिसोझा. तिचे पूर्वज गोव्याजवळ येऊन राहिले होते आणि तेथेच तिच्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. या कथा तिला तिच्या आजीकडून मिळाल्या. पुस्तकाच्या आरंभी तिची स्वतःची जीवनकथाही तिच्या तोंडून घेतलेली आहे. अशा रीतीने एका गोमंतकीय वंशाच्या मोलकरणीची आजी इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचली.

त्या संग्रहातील एका कथेत पंचकिन नावाचा जादूगार बालना नावाच्या राजकन्येला बारा वर्षे कोंडून ठेवतो. तिचा मुलगा मोठा होऊन तिच्या शोधार्थ येतो. जादूगाराचा प्राण कोठे लपविला आहे, हे कळल्याखेरीज त्याला मारणे शक्य नसते. ते गुपित गोड बोलून काढून घेते ती बालना. पुढे दूर रानात जाऊन ज्या पोपटात तो प्राण असतो तो पकडून आणतो मुलगा. आम्ही ही कथा वर्गात सांगून विचारले, "जादूगाराला कोणी मारले?" मुलगे एकमुखाने म्हणाले, "मुलाने." मुलींत कुजबूज झाली. अखेर एक म्हणाली, "आईने सांगितले नसते, तर तो कोणता पोपट पकडणार होता?" दोन्ही उत्तरे कथेत आहेत. कोणते उचलावयाचे, हे ऐकणाऱ्याच्या बैठकीवर अवलंबून आहे.

या बैठकीचा मर्म सांगणारे मोठे अभ्यासक म्हणजे ए. के. रामानुजन. १९५०च्या दशकात ते बेळगावच्या लिंगराज महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत असत, आणि त्या काळात उत्तर कर्नाटकातील कथा त्यांनी जमविल्या. स्वयंपाकघरात स्त्रियांनी सांगितलेल्या कथांचे एक निराळे शास्त्र त्यांना आढळले. पुरुष ज्या कथेचा नायक आहे ती बहुधा विवाहाशी संपते. त्याने पराक्रम केला, राजकन्या मिळविली, गोष्ट पुरी झाली. स्त्री जिची नायिका आहे त्या कथेत विवाह पुष्कळदा आरंभीच होऊन जातो आणि खरी संकटे त्यानंतर येतात. वाचकहो, "मग त्या राणीचे सासरी कसे झाले?" हा आमच्या बहिणीचा प्रश्न म्हणजे एका संपूर्ण कथाप्रकाराचा पाया आहे, हे आम्हांला रामानुजन वाचल्यावर उमगले.

त्यांच्या मृत्यूनंतर १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहाला ज्या कथेचे नाव दिले आहे, ती एका गरीब मुलीची कथा आहे. अंगावर पाणी ओतले की ती फुलांचे झाड होते. बहिणीला ती बजावते की फुले अलगद तोड, डहाळी मोडू नकोस. पुन्हा पाणी ओतले की ती माणूस होते. पुढे राजपुत्राशी तिचे लग्न होते. आणि एके दिवशी नणंद मैत्रिणींच्या घोळक्यात तिला झाड होण्याची सक्ती करते. मुली ओरबाडून फुले तोडतात, फांद्या मोडतात आणि निष्काळजीपणे पाणी शिंपडून निघून जातात. ती अर्धवट मनुष्य, अर्धवट झाड अशी पडून राहते. पुष्कळ काळाने पती तिची मोडलेली अंगे जुळवून, काळजीपूर्वक पाणी ओततो तेव्हा ती पूर्ववत होते. ही कथा ऐकून आमच्या दहावीच्या वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, "आमच्या काकीला सगळे सारखे गाणे म्हणावयास सांगत. आता ती गातच नाही." हे उत्तर कोणत्याही प्रश्नपत्रिकेत लिहिले जाणार नाही, पण कथेचा अर्थ याहून नेमका आम्ही कोणाकडून ऐकलेला नाही.

श्रावणातील कहाण्यांतही असे धन पुष्कळ आहे. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा दवंडी पिटवितो. सारा गाव धाकाने घरातील सगळे दूध आणून ओततो. मुलांना नाही, वासरांना नाही. गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी घरची कामे आटोपून, लेकरांना, सुनांना, वासरांना तृप्त करून उरलेले खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरून जातो. राजाने विचारल्यावर ती आधी अभय मागून घेते, आणि मग त्याच्या हुकमाने घरोघरी वासरे व मुले कशी तळमळली, ते स्पष्ट सांगते. हुकूम राजाचा, परंतु कारभार कसा करावा याचे ज्ञान म्हातारीपाशी. नागपंचमीच्या कहाणीत माहेरी कोणी नसलेली धाकटी सून नागालाच आपले माहेर मानते, आणि ते तिला लाभते. हरतालिकेच्या कथेत पित्याने विष्णूशी योजिलेला विवाह पार्वतीला नको असतो. तेव्हा तिची सखी तिला अरण्यात घेऊन जाते. सखीने हरून नेली म्हणून हरितालिका. ज्या व्रताकडे आपण केवळ चांगला पती मिळावा म्हणून केलेला उपवास या दृष्टीने पाहतो, त्याच्या नावातच एका मुलीचा नकार आणि दुसरीची साथ दडलेली आहे! आणि भोपळ्यात बसून वाघाला हुलकावणी देणारी ती म्हातारी? लेकीच्या घरी जाऊन सुखाने खाऊन पिऊन परत येणाऱ्या या नायिकेपाशी बुद्धीवाचून दुसरे शस्त्र नाही.

अर्थात सर्वच जुने चांगले, असा आमचा पक्ष नाही. नावडतीला गोठ्यात ठेवणाऱ्या राजाला पुष्कळ कथांत कोणी जाब विचारीत नाही. मूल होत नाही म्हणून स्त्रीलाच दोष लागतो. काळी म्हणून कुरूप आणि कुरूप म्हणून दुष्ट, असा अविचारही जागोजागी आढळतो. मुली यावर रागावतात, आणि त्यांनी रागवावेच. प्रश्न एवढाच की, रागावून कथा फेकून द्यावी की तिच्याशी भांडत राहावे? या बाबतीत आम्हांला जे शिक्षण मिळाले, ते येथे सांगणे आवश्यक आहे. कारण त्यात चूक आमची होती.

मागे एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी शुक्रवारच्या कहाणीवर मुलींकडून नाटुकले बसवावयाचे ठरले. कथा सर्वांना ठाऊक आहे. श्रीमंत भाऊ सहस्रभोजन घालतो. गरीब बहीण मुलांना घेऊन न बोलाविता जेवावयास जाते, आणि भाऊ तिला पानावरून हात धरून उठवितो. पुढे लक्ष्मीच्या कृपेने तिला वैभव येते. मग तोच भाऊ तिला आग्रहाने जेवावयास बोलावतो. ती जाते, अंगावरचे दागिने काढून पाटावर मांडते आणि पानातील एकेक पदार्थ उचलून त्या दागिन्यांवर ठेवू लागते.

मुलींचे म्हणणे पडले की, ही बहीण फार मवाळ आहे. आपण तिला खणखणीत भाषण द्यावे. आम्हांलाही ते पटले. आम्ही स्वतः बसून पानभर भाषण लिहून दिले. भावाचा अन्याय, समाजाचा अन्याय, धनाचा लोभ, सर्व काही त्यात आले. तालमीत टाळ्याही पडल्या.

बहिणीची भूमिका करणाऱ्या मुलीची आजी तिला न्यावयास शाळेत येत असे. एके दिवशी ती मागे बसून तालीम पाहत होती. संपल्यावर तिने आम्हांला बोलाविले आणि कोंकणीतून म्हणाली, "बाई, रागावू नका. पण ही आधी बोलली तर लोक म्हणतील, भांडखोर आहे. हिने काही बोलू नये. नुसते वाढलेले उचलून दागिन्यांवर ठेवावे. सगळी पंगत हात थांबवून पाहील. मग भाऊच विचारील, हे काय करतेस? त्याने विचारल्यावर एकच वाक्य बोलावे, की ज्याला तू जेवावयास बोलाविलेस त्याला मी जेवू घालते आहे. म्हणजे उत्तर त्याला द्यावे लागेल. हिला नाही."

आम्ही निरुत्तर झालो. पिढ्यानुपिढ्या ज्यांना बोलण्याची मुभा नव्हती त्या स्त्रियांनी न बोलता बोलण्याचे जे शस्त्र घडविले होते, ते आमच्या पानभर भाषणाने आम्ही बोथट करून टाकले होते. भाषण काढले. प्रयोगाच्या रात्री ती मुलगी शांतपणे एकेक दागिना पाटावर ठेवू लागली तेव्हा मंडपात अशी शांतता पसरली की, मागे उभ्या असलेल्या बायकांचे हुंदके ऐकू आले.

परंतु खरी गोष्ट त्यानंतर घडली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीने आम्हांला सांगितले की, घरी परतताना आजी वाटेत थांबली आणि नातीला तिने प्रथमच एक हकीकत सांगितली. वडील वारल्यावर भावांनी एक कागद पुढे केला होता. गोव्याच्या कायद्याने लेकीलाही लेकाइतकाच वाटा आहे, हे आजीला ठाऊक होते. पण माहेर तुटेल या भीतीने तिने सही केली. आणि पुढच्या चवथीला माहेरचे बोलावणे आलेच नाही. चाळीस वर्षे ती दर श्रावणात ही कहाणी वाचीत आली होती. घरातील कोणाला त्यामागचे ठाऊक नव्हते. मुलगी म्हणाली, "बाई, मी आजीला विचारले, तू तेव्हा काही बोलली का नाहीस? ती म्हणाली, मी दर शुक्रवारी बोलत होते, कोणी ऐकत नव्हते."

रामानुजन यांनी आपल्या एका संग्रहात एक तमिळ कथा दिली आहे. घरातील सर्वांचा जाच सोसणारी एक विधवा मनातले कोणालाच सांगू शकत नाही आणि त्या भाराने दिवसेंदिवस फुगत जाते. अखेर ती गावाबाहेरच्या पडक्या घरात जाऊन भिंतींना गाऱ्हाणी सांगते. एकेका गाऱ्हाण्याबरोबर एकेक भिंत कोसळते आणि ती हलकी होते. आपल्या आज्यांनी ज्या कहाण्या सांगितल्या त्या आपण मुलांच्या करमणुकीच्या समजलो. त्यांतील कित्येक भिंतींना सांगितलेली गाऱ्हाणी होती, आणि भिंतींच्या ठिकाणी आपण बसलो होतो.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. कथांतील ठरीव भूमिकांना मुली तीन प्रकारे प्रतिसाद देतात, असे आम्हांला वाटते. लहानपणी त्या भूमिका त्या बहुधा तशाच घेतात. कागदी पिशवीतील राजकन्येलाही आंघोळ घालू पाहतात. थोडे मोठे झाल्यावर प्रश्न विचारतात. चिमणा कोठे आहे, पोपटाचे गुपित कोणी काढले, असे कथेच्या आत शिरून शोधतात. आणि तिसरा प्रकार परिपक्व स्त्रियांचा. त्या कथा न बदलता तिच्यात आपला अर्थ ठेवतात, आणि तो अर्थ ओळखणारी कोणी भेटेपर्यंत ती सांगत राहतात. पहिल्या प्रकाराची चिंता करण्याचे कारण आहे, दुसऱ्याला शाळेने उत्तेजन द्यावयास हवे, आणि तिसऱ्यापुढे आपण मान लवविली पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे थोडके आहे. मुलींनो, कथा ऐकताना तीन प्रश्न मनाशी धरा: यात काम कोण करते, बोलते कोण, आणि गोष्ट जेथे संपते तेथे कोणाचे संपते? मुलग्यांनो, तुम्हीही हेच प्रश्न विचारा. चिमण्याने बाळाला न्हाऊ घातले तर त्याचे पंख गळून पडत नाहीत. आणि पालकांनो, छापील सचित्र पुस्तके मुलांना अवश्य द्या; परंतु तीसुद्धा कोणीतरी वेचूनच केलेली असतात, हे विसरू नका.

येत्या सुटीत प्रत्येकीने घरातील सर्वांत वडील स्त्रीपाशी बसून एक कथा लिहून घ्यावी. ती कोंकणीत सांगील तर कोंकणीत लिहा, मराठीत सांगील तर मराठीत. तिचे शब्द सुधारू नका. आम्ही एकदा ती चूक केली आहे. लिहून झाल्यावर वही मिटू नका. थोडा वेळ तशाच बसून राहा आणि मग विचारा, "आजी, मग पुढे काय झाले?"